श्री नरहरी सोनार महाराज : चरित्र आणि सुवर्णसाधना

महाराष्ट्रातील संतमंडळाकडे पाहिले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, सेना न्हावी, नरहरी सोनार अशी नावे आपण उच्चारतो, तेव्हा संताच्या नावाबरोबर त्याच्या व्यवसायाचेही स्मरण करितो. हा व्यवसाय म्हणजे केवळ ओळखीची खूण नव्हे. ज्या जागी बसून त्यांनी संसार चालविला, तीच जागा त्यांची तपोभूमी झाली. त्यांतही श्री नरहरी महाराजांचे चरित्र काहीसे निराळे आहे. इतर संतांच्या ठायी काम आणि भजन जोडीने चालले. नरहरी महाराजांच्या बाबतीत मात्र एक अलंकार घडविण्याचे कामच गुरू झाले, आणि त्या कामाने कारागिरास त्याचे स्वतःचे स्वरूप दाखविले. मठाच्या वर्धापनाच्या या मंगल प्रसंगी त्या चरित्राचे यथामति चिंतन करून ते भाविकांच्या हाती ठेवीत आहे.

आपले बऱ्हाणपूर पंढरीपासून दूर असले तरी परके नाही. ज्या तापीच्या काठी आपण राहतो, तिच्याच खोऱ्यात मुक्ताईनगर आहे, आणि तेथून श्रीमुक्ताबाईंची पालखी आषाढीस पंढरपूरला जाते. दुसरेही एक नाते आहे. सोन्याचांदीच्या तारेचे काम हे या नगराचे जुने भूषण होय. सतराव्या शतकात येथे आलेल्या तावेर्निए या फ्रेंच प्रवाशाने येथील तलम वस्त्रांचे आणि त्यांत गुंफलेल्या सोन्यारुप्याच्या धाग्यांचे वर्णन करून ठेविले आहे. तेव्हा एका सुवर्णकाराची साधना समजून घेणे लोधीपुऱ्यातील आणि एकंदर बऱ्हाणपुरातील भक्तजनांस अवघड जाऊ नये.

नरहरी महाराज पंढरपूरचे. त्यांचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि चौदाव्याचा आरंभ असा मानिला जातो. देवगिरीस यादवांचे राज्य होते. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या वर्षांत पांडुरंगाच्या मंदिरास दान देणाऱ्यांची नोंद करणारा चौऱ्यांशीचा शिलालेख प्रसिद्ध आहे, आणि त्यावरून त्या काळी विठ्ठलभक्तीचा केवढा विस्तार झाला होता हे दिसते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे येथे श्रीज्ञानेश्वर महाराजांनी आपली गीताटीका पूर्ण केली. नामदेवराय कीर्तनात रंगले होते. अशा त्या भक्तीच्या भरतीच्या दिवसांत, पंढरपुरातच राहणारा एक सोनार मात्र विठ्ठलमंदिराकडे पाठ करून बसला होता.

महाराजांच्या चरित्राचा मुख्य आधार म्हणजे ताहाराबादच्या महिपतिबाबांचा ‘भक्तविजय’ हा ग्रंथ. तो शके १६८४, म्हणजे इ. स. १७६२ साली पूर्ण झाला. चरित्रनायक आणि चरित्रकार यांच्यामध्ये सुमारे साडेचार शतके लोटली होती. त्यामुळे या चरित्रात इतिहासाचा भाग थोडा आणि परंपरेचा भाग मोठा आहे. तथापि जी कथा इतकी शतके कीर्तनांतून लोकांच्या कानी पडत राहिली, तिच्यात लोकांना आपल्या अंतःकरणाचे काही सत्य सापडले असले पाहिजे. त्या सत्यासाठीच ती आपण वाचावयाची.

महाराजांचे घराणे शिवोपासक. पंढरपुरातील श्रीमल्लिकार्जुन हे त्यांचे आराध्य. चंद्रभागेचे स्नान, शिवलिंगाची पूजा, बिल्वदल आणि भस्म, आणि त्यानंतर दुकानाची पायरी, हा त्यांचा नित्यक्रम असे परंपरा सांगते. कारागीर म्हणून त्यांची ख्याती मोठी होती. सोन्याचा कस आणि दागिन्याचे माप यांविषयी त्यांचा शब्द अखेरचा मानीत. परंतु शिवावाचून अन्य देव पाहावयाचा नाही असा त्यांचा निर्धार होता. विठ्ठलाचे दर्शन तर राहोच, त्याच्या मंदिराचे शिखरही दृष्टीस पडू नये म्हणून ते मान खाली घालून चालत, असे सांगतात.

या निर्धारास हसणे सोपे आहे, पण ते योग्य होणार नाही. एका ठिकाणी चित्त स्थिर झाल्यावाचून परमार्थात पाऊल पडत नाही, हे सर्व शास्त्रांचे सांगणे आहे. पतिव्रतेचा दृष्टांत याच अर्थाने दिला जातो. नरहरी महाराजांचे शिवावरील प्रेम खरे होते आणि त्यात दोष नव्हता. दोष शिरला तो प्रेमाच्या आडून. माझा देव या शब्दांतील देव हळूहळू मागे सरतो आणि माझा हाच शब्द मोठा होतो. असे झाले की उपासक देवाचे रक्षण करीत आहे असे त्यास वाटते, आणि वस्तुतः तो आपल्या अभिमानाचे रक्षण करीत असतो. हा पडदा बाहेरून कोणी फाडू शकत नाही. उपदेश केला तर तो अधिकच घट्ट होतो. नरहरी महाराजांच्या आसपास कीर्तने होत होती, संत वावरत होते, पण त्यांपैकी कशानेही तो पडदा हलला नाही. तो हलला एका करदोट्याने.

एका सावकारास पुत्र नव्हता. त्याने विठ्ठलास नवस केला, आणि पुत्र होताच देवाच्या कमरेस सोन्याचा करदोटा अर्पण करण्याचे ठरविले. उत्तम काम करणारा कारागीर कोण, अशी चौकशी करता नरहरी महाराजांचे नाव पुढे आले. सावकार दुकानी आला. काम घेण्यास महाराजांची हरकत नव्हती, पण माप घेण्यासाठी मंदिरात जाण्यास त्यांनी नकार दिला. मग सावकाराने स्वतः देवाच्या कमरेचे माप आणून दिले आणि त्याप्रमाणे महाराजांनी करदोटा सिद्ध केला.

मंदिरात नेऊन पाहिले तो माप चुकलेले. दागिना परत आला. महाराजांनी तो पुन्हा घडविला आणि पुन्हा माप चुकले. एकदा आखूड, एकदा सैल. माप तेच, सोने तेच, हात तेच, आणि तरीही दागिना देवाच्या अंगी बसेना.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे, कारण कथेचा मर्मबिंदू पुढील साक्षात्कारात आहे तितकाच येथेही आहे. सोनाराचा व्यवहार गुंजेचा आहे. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. म्हणजे एका तोळ्याचे शहाण्णव भाग करून त्यांतील एकेका भागाचा हिशेब ठेवणारा तो मनुष्य. त्याचे माप एकदा चुकणे ही मोठी गोष्ट, आणि दोनदा चुकणे ही लाजेची गोष्ट. माप आणणाऱ्यास दोष देऊन महाराजांना मोकळे होता आले असते. तसे त्यांनी केले नाही. काम आपले आहे, ते बसत नाही, तर त्याचे कारण आपणच शोधिले पाहिजे, असा त्यांच्यातील कारागिराचा धर्म होता.

त्या क्षणी एकाच देहात दोन नरहरी समोरासमोर उभे राहिले. एक, विठ्ठलाचे मुख पाहणार नाही असा पण केलेला अभिमानी उपासक. दुसरा, अंगी न बसणारा दागिना हातावेगळा करू न शकणारा प्रामाणिक कारागीर. उपासक म्हणत होता की जावयाचे नाही. कारागिराचे म्हणणे असे की गेल्यावाचून काम पुरे होणार नाही. यांत कारागिराचा विजय झाला. परंतु तो निम्माच विजय होता. महाराज मंदिरात जाण्यास निघाले खरे, पण डोळ्यांस पट्टी बांधून निघाले.

गाभाऱ्यात नेऊन त्यांस मूर्तीपुढे उभे केले. डोळे बांधलेले, म्हणून हातांनी चाचपून माप घेऊ लागले. तो हातांस काही निराळेच लागू लागले. कमरेस व्याघ्रांबर, अंगावर सर्पांची भूषणे, दहा भुजा, पाच मुखे, मस्तकी जटा. हे तर आपलेच दैवत! ज्याची पूजा जन्मभर केली तो शंकर येथे उभा, आणि आपण त्याच्यापुढे डोळे बांधून आलो! घाईने त्यांनी पट्टी काढिली, तर समोर विटेवर कटीवर कर ठेवून उभा असलेला विठ्ठल. पुन्हा पट्टी बांधिली, पुन्हा हातांखाली शंकर. पुन्हा काढिली, पुन्हा विठ्ठल. असे वारंवार झाल्यावर डोळ्यांवरील पट्टीबरोबर मनावरीलही गळून पडली. हरि आणि हर हे दोन नव्हते, दोन केले होते ते आपल्या दृष्टीने, हे त्यांस उमगले. मग त्यांनी करदोटा देवाच्या कमरेस बांधिला आणि तो बरोबर बसला.

ही कथा आपण लहानपणापासून ऐकिली आहे, आणि तिचा शैव-वैष्णव ऐक्याचा बोध सर्वांस परिचित आहे. पांडुरंगाच्या मस्तकी शिवलिंग आहे ही वारकऱ्यांची श्रद्धाही तेच सांगते. तथापि कथेत आणखी एक सूक्ष्म विचार आहे, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. सत्य महाराजांस प्रथम कळले ते कोणत्या इंद्रियाने? डोळ्यांनी नव्हे, कानांनीही नव्हे. ते त्यांच्या हातांस कळले. डोळ्यांनी पण केला होता. कानांनी मते ऐकून पक्षपात स्वीकारिला होता. हातांनी मात्र कोणताच पण केला नव्हता. वर्षानुवर्षे सोने हाताळून ते हात इतके निर्मळ झाले होते की समोर जे असेल ते जसेच्या तसे जाणणे एवढेच त्यांस ठाऊक होते. बुद्धीने नाकारलेले सत्य कलेच्या अभ्यासाने शुद्ध झालेल्या हातांनी स्वीकारिले, आणि मग ते बुद्धीस दाखविले.

हा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही. ऋग्वेदाच्या ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांविषयी विवेचन आले आहे. शिल्प म्हणजे स्वतःचाच संस्कार होय आणि त्याच्या योगे यजमान आपल्या आत्म्यास सुघटित करून घेतो, असा तेथील आशय आहे. म्हणजे कारागीर वस्तू घडवीत असता वस्तूही कारागिरास घडवीत असते. मूर्तिकाराने छिन्नी हाती घेण्यापूर्वी देवतेचे ध्यान करावे ही शिल्पशास्त्राची परंपराही याच तत्त्वावर उभी आहे. नरहरी महाराजांनी हे ग्रंथातून शिकले असतील वा नसतील, त्यांच्या जीवनात मात्र ते प्रत्यक्ष झाले.

साक्षात्कारानंतर महाराजांनी काय केले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यांनी दुकान सोडिले नाही. घरदार टाकून वनात गेले नाहीत. वारकरी संतांच्या मेळ्यात ते मिसळले आणि सोनारकामही चालू राहिले. फरक पडला तो कामाच्या अर्थात. त्यांच्या नावावर जे थोडे अभंग आज उपलब्ध आहेत, त्यांतील एक अभंग महाराष्ट्रात घरोघरी गाइला जातो. त्यात त्यांनी स्वतःस देवाचा सोनार म्हणवून घेतले आहे आणि आपल्या दुकानातील एकेक साधन परमार्थास लाविले आहे. देह ही शेगडी, जिला सोनार बागेसरी म्हणतात. अंतरीचा आत्मा हे सोने. तीन गुणांची मूस केली आणि तीत ब्रह्मरस ओतिला. फुंकणे चालले ते जीव-शिवाचे. विवेकाची हातोडी कामक्रोधांवर पडली. कातरी मन आणि बुद्धी यांची. शेवटी ज्ञानाचा ताजवा हाती घेऊन रामनामाच्या दोन अक्षरांचे वजन केले, आणि पोतडी खांद्यावर टाकून हा सोनार भवनदीच्या पलीकडे गेला.

हे रूपक केवळ शोभेचे नाही. ज्याने मूस तापताना पाहिली आहे त्यास त्याचा अर्थ अधिक कळेल. मुशीत सोने वितळते तेव्हा त्यातील हीण वर येते आणि दिसू लागते. थंड दागिन्यात ते लपून राहते. साधकाचेही तसेच आहे. संसाराच्या आणि कामाच्या तापावाचून आपल्यातील हीण कोणते हे आपणांस समजत नाही. करदोट्याचे माप दोनदा चुकले तो महाराजांच्या आयुष्यातील ताप होता, आणि त्या तापाने अभिमानाचे हीण वर आणिले.

याच अभंगात एक स्थळ विशेष मननीय आहे. सोन्याची चोरी हा सोनारावरील लौकिक आरोप जुनाच आहे. दागिना घडविताना कातरीखाली थोडे सोने नाहीसे होते, असा संशय लोक पिढ्यान्‌पिढ्या घेत आले. महाराजांनी तो आरोप टाळिला नाही, उलट स्वतःवर घेतला. आपण चोरी केली असे ते सांगतात, पण चोरिले ते रामनामाचे सोने. जगाने दिलेली निंदा कारागिराने मुशीत टाकिली आणि तिचे भूषण करून परत दिले. लोक ताजव्यात दागिना तोलतात, आणि हा सोनार त्याच ताजव्यात स्वतःस तोलून घेतो.

सुवर्णाचा दृष्टांत वेदान्तात प्राचीन आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालक ऋषींनी श्वेतकेतूस मातीचा गोळा, सोने आणि लोखंड यांची उदाहरणे देऊन सांगितले की मूळ द्रव्य जाणले म्हणजे त्यापासून झालेले सर्व विकार जाणल्यासारखे होतात, कारण नामरूप निराळे असले तरी वस्तू एकच असते. पाठशाळेत हा दृष्टांत आम्ही अभ्यासतो तेव्हा तो दागिने पाहणाऱ्याच्या जागी बसून अभ्यासतो. कडे आणि कुंडल वेगळे दिसतात, पण सोने एक, असा निश्चय बुद्धीने करितो. नरहरी महाराज त्याच दृष्टांताकडे आतल्या बाजूने आले. कडे मोडून कुंडल करणे हे त्यांचे रोजचे काम होते. नामरूप वितळताना आणि पुन्हा आकार घेताना ते नित्य पाहत होते. तरीसुद्धा शिव आणि विठ्ठल यांच्या नामरूपापाशी त्यांची बुद्धी अडली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. कलेचे ज्ञान हाताशी असूनही ते आपल्या अंतःकरणास लावावयाचे राहून गेले होते. ज्या दिवशी ते लाविले त्या दिवशी ते ज्ञान आत्मज्ञान झाले.

येथे एखादा भाविक विचारील की, मग प्रत्येक कारागीर संत का होत नाही? प्रश्न रास्त आहे. सोनार पुष्कळ झाले, नरहरी एकच झाले. काम हे द्वार आहे, पण द्वारापाशी बसून राहिल्याने घरात प्रवेश होत नाही. या चरित्रावरून पाहता त्यासाठी तीन गोष्टी लागतात असे दिसते. पहिली, मापाशी प्रामाणिकपणा. जे बसत नाही ते बसले असे न म्हणणे. दुसरी, चुकीचे कारण आधी स्वतःत शोधण्याची तयारी. तिसरी, सत्य समोर आले असता आपला पण मोडण्याचे धैर्य. पहिल्या दोन गोष्टी अभ्यासाने येतात. तिसरी ईश्वरकृपेने येते. परंतु पहिल्या दोहोंवाचून कृपा आली तरी ती ओळखू येत नाही.

आपल्या नगरातील तारकामाची रीत पाहिली तर हीच गोष्ट ध्यानात येईल. चांदीच्या कांबीवर सोन्याचा पत्रा चढवीत, ती तापवीत, आणि मग पोलादी पट्टीच्या क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ती ओढीत. कांब तार होते, तार केसासारखी होते, आणि तरीही सोन्याचे वेष्टण अखेरच्या टोकापर्यंत टिकून राहते. पुढे ती तार चपटी करून रेशमावर गुंडाळली म्हणजे कलाबतू सिद्ध होतो. भक्ताचे आयुष्यही प्रपंचाच्या अशाच छिद्रांतून ओढले जाते. प्रत्येक छिद्र मागच्याहून अरुंद. अंगी नामाचे वेष्टण घट्ट बसलेले असेल तर ते शेवटपर्यंत तुटत नाही, आणि बसलेले नसेल तर पहिल्याच ओढीला चांदी उघडी पडते.

म्हणून ज्यांच्या हाती काही कला आहे, त्यांनी तिला परमार्थाहून वेगळी मानू नये. देवघरापुढे रांगोळी काढणारी माउली, पालखीचे वस्त्र भरणारी भगिनी, मृदंगास शाई लावणारा कारागीर, हातमागावर बसणारा विणकर, पोथी सुवाच्य अक्षरात उतरणारा लेखक, या सर्वांपुढे नरहरी महाराजांचा मार्ग मोकळा आहे. काम संपल्यावर वस्तू कशी झाली हे सर्वच पाहतात. ती घडताना आपण कसे झालो, आपला उतावळेपणा कोठे दिसला, आपला अभिमान कोठे आडवा आला, हेही पाहावे. एवढे पाहण्याची सवय लागली म्हणजे हातातील कामच आरसा होते.

नरहरी महाराजांनी शके १२३५ च्या माघ वद्य तृतीयेस देह ठेविला असे परंपरा मानिते. त्या तिथीस त्यांची पुण्यतिथी ठिकठिकाणी पाळिली जाते आणि सुवर्णकार समाज त्यांचे विशेष स्मरण करितो. त्यांनी घडविलेले दागिने आज कोठे नाहीत. सोने पुनःपुन्हा वितळते आणि नवे रूप घेते, हा त्याचा धर्मच आहे. परंतु एका करदोट्याच्या निमित्ताने जो मनुष्य स्वतः घडला, तो सातशे वर्षांनंतरही भक्तांच्या हृदयात तसाच आहे.

श्रीगुरुचरणी एवढेच मागणे आहे की, आमच्या हातून जे काही घडेल त्याचे माप चुकले तर ते आम्हांस कळावे, आणि कळल्यावर डोळ्यांवरील पट्टी सोडण्याची बुद्धी व्हावी. शुभं भवतु.